मे महिन्यात देवासाठी वेळ: जपमाळेचं एक दशक पुरे

मे म्हणजे पवित्र मरियेचा महिना. वसईतल्या आपल्या घरांत मात्र तो लग्नं, मामाकडे आलेली मुलं आणि आंबे यांतच निघून जातो. संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, उद्यावर ढकलली की ती थेट जूनमध्येच आठवते.

माझं सांगणं एवढंच, की सुट्टीत अख्ख्या जपमाळेचा हट्ट सोडा आणि तिचा दहा मण्यांचा एकच भाग, म्हणजे एक दशक, धरा: एक ‘आमच्या स्वर्गातील बापा’, दहा ‘नमो मरिया’ आणि शेवटी त्रित्वाची स्तुती. चार-पाच मिनिटं लागतात. रोज एक दशक म्हटलं, तर पाच दिवसांत पाच रहस्यं, म्हणजे येशू आणि मरियेच्या जीवनातले मनन करायचे पाच प्रसंग, पूर्ण होतात.

वेळ घड्याळावर नको, एखाद्या कामाला बांधा. आमच्याकडे दिवेलागणीला ओट्यावर चटई पडते आणि जेवणाची पानं मांडण्याआधी दशक होतं. मुलांच्या बोटांना आंब्याचा रस असतो, मणी चिकट होतात. होऊ द्या, पुसता येतात. ‘नमो मरिया’ची सुरुवात सगळ्यात लहान मुलाला करू द्या, शब्द चुकला तरी मध्येच टोकू नका. पाहुणे असले तर त्यांनाही चटईवर बसवा. अवघडल्यासारखं वाटतं, पण पहिल्याच दिवशी.

रविवारी लग्नाला जायचं असेल, तर शनिवारी संध्याकाळचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, घ्या. चर्चच्या नियमानुसार तो रविवारसाठी चालतो. गावाला निघताना तिथल्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) मिस्साच्या वेळा आधीच फोनवर विचारून ठेवा. सुट्टीत त्या कधीकधी बदलतात.