कारवार जिल्ह्याच्या जंगलात पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

सहस्रलिंगाला आम्ही पहिल्यांदा गेलो ते जुलैत. शिर्सीहून यल्लापूरच्या वाटेवर शाल्मला नदीच्या पात्रातल्या कातळांवर शेकडो शिवलिंगं कोरलेली आहेत, सोंद्याच्या राजांच्या काळातली. फोटो बघून भारावून निघालो होतो. पोचलो तर समोर तांबडं, फुगलेलं पाणी आणि त्याचा घोंघाट. लिंगं मोजायला सुरुवात केली, तीनवर थांबलो. काठावर पोफळीच्या विरीची (झावळीच्या रुंद देठाची) टोपी घातलेले एक आजोबा आमच्याकडे बघत उभे होते. "जनवरीली बन्नी," एवढंच म्हणाले. जानेवारीत या. तेवढं कानडी तेव्हाही कळलं.

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या झाल्या. आता ओळखीपाळखीचे लोक जाण्याआधी फोन करतात, आणि त्यांच्या बेतात बहुतेक वेळा आमच्याच जुन्या चुका असतात.

दांडेली म्हणजे अख्खा जिल्हा नव्हे

सरकारी नाव उत्तर कन्नड, आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी कारवार जिल्हा. १८६२ ते १९५६ हा भाग मुंबईच्या कारभारात होता, त्यामुळे ते नाव मराठीत रुजलं. कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर, भटकळ हे तालुके किनाऱ्याचे. शिर्सी, सिद्दापूर, यल्लापूर, मुंडगोड, हल्याळ, जोयडा, दांडेली वरचे. तिथले लोक सरळ 'घट्टद मेले' आणि 'घट्टद केळगे' म्हणतात, म्हणजे घाटावर आणि घाटाखाली. हवा, जेवण, बोली, घरं, सगळं या एका रेषेवर बदलतं. ही रेषा ज्याच्या डोक्यात नाही त्याचा बेत फसतो.

पुण्या-कोल्हापूरकडून जाणाऱ्यांना मात्र फक्त 'दांडेली' ठाऊक असते. दांडेली हे कागद गिरणीचं गाव आहे. जाहिरातीत 'दांडेली' लिहिलेलं राहायचं ठिकाण प्रत्यक्षात गणेशगुडीला किंवा जोयड्याच्या आतल्या एखाद्या वाडीत, तीस-चाळीस किलोमीटर लांब असू शकतं. त्यात वाईट काही नाही, उलट तीच जागा अधिक सुंदर असते. पण रात्री नऊला दांडेली स्टँडवर उतरून "आता पाच मिनिटांत पोचतो" असा फोन करणारे मी बघितले आहेत. बुकिंग करताना गावाचं नाव विचारा, तालुका विचारा, आणि शेवटचा रस्ता तुमच्या गाडीला जमेल का तेही विचारून घ्या.

किलोमीटर मोजून बेत आखू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दांडेली ते यल्लापूर पन्नासेक किलोमीटर, यल्लापूर ते शिर्सी तेवढंच, शिर्सी ते कुमठा साठेक. नकाशावर हे एका दिवसाचं काम दिसतं. मग कागदावर उतरतं: सकाळी सातोडी धबधबा, दुपारी मागोड, संध्याकाळी याणचे सुळके, मुक्काम गोकर्ण. असा कागद मला एकाने पाठवला होता. मी उत्तरादाखल विचारलं, जेवणार कधी?

रस्ते वळणांचे आहेत, मध्ये गुरं आहेत, आणि बहुतेक धबधबे मुख्य रस्त्यापासून वीस-तीस किलोमीटर आत आहेत. सातोडीला यल्लापूरहून साधारण बत्तीस किलोमीटर जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. दोन ठिकाणं शेजारी दिसली तरी मधे नदी किंवा धरणाचं पाणी असतं. मागोड यल्लापूरपासून जवळ, पण तिथे बेडती नदी खोल दरीत उडी घेते आणि आपण समोरच्या कड्यावरून बघतो. आंघोळीचे टॉवेल घेऊन गेलेली मंडळी हिरमुसून परततात. उंचळ्ळी धबधब्याचंही तसंच. अघनाशिनी नदी तिथे ११६ मीटर कोसळते, आणि बघायचं दुरून, कठड्यामागून.

घाटावरून खाली उतरायचे रस्तेही मोजकेच. जोयड्याहून कारवारला अणशी घाट, यल्लापूरहून अंकोल्याला अरबैल, शिर्सीहून कुमठ्याला देवीमने. देवीमने घाटात रुंदीकरणाच्या कामासाठी वाहतूक अधूनमधून बंद ठेवतात, त्यामुळे आदल्या दिवशी राहत्या ठिकाणी विचारा. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला बंद घाटाच्या तोंडाशीही नेऊन उभा करतो. पावसाळ्यात तर चौकशी केल्याशिवाय हलूच नका. १६ जुलै २०२४ ला अंकोला तालुक्यात शिरूरजवळ डोंगर थेट हायवेवर आला, रस्त्याकडेची चहाची टपरी आणि माणसं गेली, ट्रक गंगावळी नदीत गेला. हायवेच्या कडेला थांबून चहा प्यायचा यात धोका काय, असं आपल्याला वाटतं.

माझा साधा हिशेब: घाटावर एक मुक्काम उत्तरेला (दांडेली-जोयडा), एक शिर्सीत, आणि खाली उतरायचं असेल तर तिसरा किनाऱ्यावर. तीनपेक्षा कमी रात्री असतील तर एकच भाग निवडा. दोन रात्रींत सगळं बघणारे शेवटी गाडीच्या काचाच बघतात.

कुठल्या महिन्यात काय, हे उलटं करू नका

धबधब्यांना ऑगस्ट-सप्टेंबर नको, ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला: पाणी भरपूर आणि दरीतलं धुकंही कमी. सहस्रलिंग आजोबांनी सांगितलं तेव्हा. याणचे ते दोन काळे सुळके, भैरवेश्वर आणि मोहिनी, १२० आणि ९० मीटरचे, कोरड्या दिवसात. भर पावसात तिथल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि भैरवेश्वराच्या गुहेत कपाळावर धार पडते. जोग धबधबा बघायला अनेक जण मेमध्ये जातात आणि ओल्या खडकाचा फोटो घेऊन येतात. शरावतीचं पाणी लिंगनमक्की धरणात अडवलेलं असतं, त्यामुळे जोग केवढा दिसेल ते पावसावर आणि धरणावर ठरतं. (जोग खरं तर शिवमोग्ग्यात, पण सिद्दापूर तालुक्याला लागून, म्हणून सगळे शिर्सीच्या बेतात घालतात.)

कालीचं पाणी धरणाच्या तालावर चालतं

राफ्टिंगला जाणाऱ्यांनी हे समजून घ्या. काली नदीवर गणेशगुडीला सुपा धरण आहे, १०१ मीटर उंच. वीज बनवायला पाणी सोडलं की खालचा प्रवाह जोरात, थांबवलं की दगड उघडे. म्हणून राफ्टिंगची वेळ सांगितलेली असली तरी बदलते, कधी लांब पल्ल्याऐवजी छोटी फेरी मिळते, कधी रद्दच होते. पैसे भरताना तीन गोष्टी विचारा: कुठून कुठपर्यंत, किती अंतर, आणि पाणी नसेल तर पैसे परत का. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

आणि काठावर कोणी नसताना, शांत पाणी दिसलं म्हणून उतरू नका. पाणी वरून कधी सुटेल ते तुम्हाला माहीत नसतं. दांडेलीच्या आसपास कालीत मगरी आहेत, आणि त्या मुलांना दाखवायच्या असतील तर काठापासून लांब उभं राहून दाखवा.

एक गोष्ट सांगायची राहते. या धरणाच्या पाण्याखाली जुनं सुपा गाव आहे. तालुक्याचं ठाणं त्यामुळे जोयड्याला आलं, उठवलेल्या माणसांतले बरेच रामनगरला वसले. रामनगरच्या चहाच्या टपरीवर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 'सुपा' म्हणून बघा. मग राफ्टिंगला उशीर झाला तरी चालेल.

वाघ बघायला जाल तर रिकाम्या हाताने याल

काली व्याघ्र प्रकल्पाचं रान दाट आहे. ताडोबासारखी मोकळी कुरणं आणि पाणवठ्यावर पहुडलेला वाघ इथे विसरा. सफारीत गवा, चितळ, नशीब असेल तर काळा बिबट्या. पण हे जंगल मुळात धनेशाचं आहे. चार जातींचे धनेश इथे मिळतात. दांडेलीतल्या लाकडाच्या डेपोजवळ सकाळी सहाला उभे राहिलात तर सफारीच्या पैशांशिवाय मलबारी कवड्या धनेश दिसू शकतो. डोक्यावरून जाताना पंखांचा जो फस्-फस् आवाज येतो तो रेकॉर्ड करू नका, ऐका. उन्हाळ्यात मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला एका फटीतून फळं भरवतो. अशा झाडाखाली गर्दी करून बसलात तर तो भरवायला उतरत नाही. आवडीचा फोटो तिच्या उपाशी राहण्यावर निघतो, हे लक्षात असू द्या.

हे मोकळं रान नाही, कोणाचं तरी आहे

शिर्सी-सिद्दापूरकडे रस्त्याला लागून झाडी दिसली की लोक गाडी लावून आत शिरतात. त्यातली बरीच जमीन 'बेट्ट' असते. पोफळीच्या बागेला पालापाचोळ्याचं खत लागतं, त्यासाठी बागायतदारांना हा डोंगरउतार वापरायचा जुना हक्क आहे. तिथे चूल पेटवणं म्हणजे कोणाच्या परसात चूल पेटवणं. याच भागात, सलकणीजवळ १९८३ च्या सप्टेंबरात लोकांनी वृक्षतोड थांबवायला झाडांना मिठ्या मारल्या आणि 'अप्पिको' चळवळ उभी राहिली. अप्पिको म्हणजे कानडीत मिठी मार. झाडावर नाव कोरणाऱ्याला इथे प्रेमाने काही सांगितलं जात नाही.

हिवाळ्यात घराच्या अंगणात सुपारी वाळत घातलेली असते. एका घरी संध्याकाळी बायका रांगेत बसून हिरवी सुपारी सोलत होत्या. पुढ्यात मेट्टुगत्ती, म्हणजे पायाखाली दाबून धरायची आपल्या विळीसारखी पाती. एक टोचा, एक पीळ, फोलपट वेगळं आणि गर टोपलीत. बघता बघता हाताच्या बोटांना काळपट डाग. आमच्यातला एकजण फोटोच्या नादात बूट घालूनच वाळवणावर चढला. कोणी ओरडलं नाही. घरच्या आजींनी फक्त सुपली आणली आणि त्याच्या पायाखालचा भाग वेगळा काढून ठेवला.

ही घरं बहुतेक हव्यक ब्राह्मणांची, शाकाहारी. होमस्टे असला तरी ते घर आहे. चिकन मागू नका, बाटली काढू नका. तंबळी (ताकातलं पातळ कालवण), अप्पेहुळी (कैरीचं आंबट सार), उसाच्या रसात केलेले कागदासारखे तोडदेवु खा. मासे घाटाखाली गेल्यावर.

यल्लापूर, हल्याळ, जोयड्याकडे सिद्दी वस्त्या आहेत, आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीची सरमिसळ असते, त्यामुळे गप्पा सहज जमतात. मात्र गाडीतून उतरून थेट कॅमेरा रोखला तर जमत नाहीत. मुंडगोडला तिबेटी वसाहत आहे. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर असतील तर तिथे मुक्कामाला वेगळा परवाना लागतो, तो आधी काढावा लागतो.

भाषेचं गृहीत धरणं

कारवार, हल्याळ, जोयड्यात मराठी-कोकणी चालते म्हणून शिर्सीतही चालेल असं समजू नका. तिथे कानडी. बसच्या पाट्याही कानडीत, म्हणून स्टँडवर विचारायचा संकोच सोडा. 'एष्टु दूर?' म्हणजे किती लांब. उत्तर आलं 'इल्ले', म्हणजे इथेच, तर किमान चार किलोमीटर धरा. जोयड्याच्या आत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधी उतरवून ठेवा, रोख पैसे ठेवा, पेट्रोल दांडेलीत किंवा रामनगरला भरा.

जळवांना घाबरता आणि गोचिडाला नाही

पावसाळ्यात जळवा लागणारच. ओढू नका, चिमूटभर मीठ टाका. सुटल्यावर रक्त थोडा वेळ वाहत राहतं, पट्टी बांधली की झालं. खरी काळजी कोरड्या दिवसांतली. डिसेंबर ते मे या काळात गोचिडीतून क्यासनूर ज्वर पसरतो, ज्याला तिकडे 'मंगन कायिले' आणि आपल्या दोडामार्गात माकडताप म्हणतात. हा आजार १९५७ मध्ये शेजारच्या शिवमोग्गा (शिमोगा) जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. सिद्दापूर-होन्नावरकडे अजून रुग्ण सापडतात. पानांच्या ढिगावर बसू नका, अंगभर कपडे घाला, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात किंवा वनखात्याला सांगा. परत आल्यावर आठवडाभरात तापाने फणफणलात तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर साध्या फ्लूवर दोन दिवस जातात.

परतताना शिर्सीतून अप्पेमिडीचं लोणचं घेणं ही चूक नाही, पण ते कपड्यांच्या बॅगेत ठेवणं आहे. कोवळ्या कैऱ्यांचं हे लोणचं मिठाच्या पाण्यातलं असतं, तेल फारसं नसतं, त्यामुळे ते आपल्या लोणच्यासारखं बरणीत चिकटून बसत नाही, वळणावळणाला डुचमळतं. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घाला, बरणी दोन पिशव्यांत बांधा आणि ड्रायव्हरच्या शेजारी, पायाशी उभी ठेवा.