‘पिन सांगा’ म्हणण्याआधी

मालवणातून आमसुलांची पार्सलं पाठवते, म्हणून सांगते. गिऱ्हाइकाला फोनवर नुसतं ‘पिन सांगा’ म्हणू नका, माणूस बिचकतो. ‘पिनकोड’ म्हणा. टाचणीवाली पिन हा जुना इंग्रजी शब्द, मुळाशी लॅटिन ‘पिन्ना’, म्हणजे पीस किंवा टोक. टपालाचा पिन आद्याक्षरांचा: पोस्टल इंडेक्स नंबर. एटीएमचा तो पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर, कुणालाच द्यायचा नाही. दोन्हींत ‘नंबर’ आहेच, तरी आपण ‘पिन नंबर’ म्हणतो. चालायचंच!

टपालाचा पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. एकाच नावाची गावं फार, म्हणून. आता मालवणचा ४१६६०६ वाचा. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग. पहिले तीन आकडे मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट. हा जिल्हा नकाशातला नव्हे हं: रत्नागिरी ४१५ घेऊन साताऱ्याच्या पंक्तीला, आम्ही ४१६ घेऊन कोल्हापूरच्या, अलिबाग ४०२. तेव्हा शेजारच्या गावावरून अंदाज बांधू नका. ‘मु. पो.’, तालुका, जिल्हा लिहा, खाली सहा आकडे सुटे सुटे. खाडाखोड झाली तर लेबलच नवं चिकटवा.