रायफलच्या पिशव्यांच्या नावांचे मूळ कसे शोधावे

नेमबाजीच्या सामानात रायफल केस, गन स्लिप, ड्रॅग बॅग, स्कॅबर्ड अशी नावे भेटतात. त्यांचे मूळ शोधताना शस्त्राचा शब्द आधी बाजूला ठेवावा, कारण ‘रायफल’ हे नाव नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचांवरून पडले असून पिशवीविषयी ते काहीच सांगत नाही.

मग उरलेल्या शब्दाला विचारावे, की रायफल येण्यापूर्वी तू काय सांभाळत होतास? ‘स्कॅबर्ड’ ही मुळात तलवारीची म्यान. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागातील स्वार खोगिराला चामड्याचे आवरण बांधून त्यात रायफल ठेवू लागले आणि म्यानेचे नाव या आवरणाला मिळाले. ब्रिटिश घोडदळात मात्र याच कामाच्या चामडी साधनाला ‘रायफल बकेट’ म्हणत. म्हणून शब्दासोबत देश आणि काळ यांची नोंद न केल्यास शोध भरकटतो.

यानंतर शेजारच्या भाषा पाहाव्यात. माझ्या मते या शोधातला सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. बंदुकीच्या आवरणाला जर्मनमध्ये ‘फुटेराल’, फ्रेंचमध्ये ‘फूरो’ आणि इटालियनमध्ये ‘फोदेरो’ म्हणतात. उच्चार दूरचे वाटले, तरी तिन्ही शब्द म्यान किंवा आवरण या अर्थाच्या एकाच जुन्या जर्मानिक शब्दापासून निघाले आहेत, आणि आजच्या जर्मनमधील ‘फुटर’ म्हणजे कपड्याचे अस्तर हाही त्याच कुळातला आहे. इंग्रजी ‘केस’ लॅटिन ‘काप्सा’ म्हणजे पेटी या शब्दापासून आला, एवढे त्याच्याबाबत पुरे.

काही नावे वस्तूवरून पडलेली नसून कृतीवरून पडलेली असतात. तेथे शब्दकोशाआधी पिशवीच हातात घ्यावी. जुन्या पद्धतीच्या गन स्लिपला दस्त्याच्या बाजूला झडप आणि बक्कल असते. ते सोडून नळीचे टोक पुढे करून बंदूक आत सरकवली, की आतल्या मऊ अस्तरावरून ती सहज घसरत जाते. उशीच्या अभ्र्यालाही इंग्रजीत ‘पिलोस्लिप’ म्हणतात, त्यातही हीच सरकवण्याची कल्पना आहे. ड्रॅग बॅग ही सरपटत पुढे जाणाऱ्या स्नायपरने मागे ओढत न्यायची पिशवी, म्हणून तिला ओढण्यासाठी पट्टा किंवा कडी असते.

केवळ उच्चार जुळतो म्हणून व्युत्पत्ती मान्य करू नये. व्हेनिसचे अरबी नाव ‘अल-बुंदुकिया’ असल्यामुळे ‘बंदूक’ त्या शहरावरून आली, असे सांगितले जाते. परंतु अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट हे गोल कवचाचे फळ. त्यावरून गोळी आणि गोळीवरून शस्त्र असा अर्थाचा प्रवास अधिक सरळ आहे.

मराठी नाव योजताना हीच कसोटी लावावी. म्यान कडक असते आणि ती तलवारीशी जोडलेली आहे. तंबोऱ्यावर किंवा सतारीवर चढवतात ती गवसणी मऊ असते आणि आतल्या वस्तूचा आकार घेते. त्यामुळे कापडी स्लिपला ‘रायफलची गवसणी’ म्हणणे मला सर्वांत योग्य वाटते, तर फोम बसवलेल्या कडक खोक्याला नेमबाजांच्या तोंडी असलेला ‘केस’ हाच शब्द ठेवावा.