बचत आणि मदत : दोन्हींचे आकडे आधी ठरवा

‘जमेल तशी बचत करू’ आणि ‘कोणी मागितलं तर देऊ’ हे दोन्ही संकल्प फार दिवस टिकत नाहीत. पैसे एकाच खात्यात पडून असतात. कुणाची अडचण भागवली की बचत आटते, आणि बचत जपायची म्हटली तर नकार देताना मन खातं. त्यामुळे दोन्हींचे आकडे एकाच कागदावर, पण वेगवेगळे लिहा.

आधी मागच्या तीन महिन्यांचा खर्च काढा. बँकेचं स्टेटमेंट आणि फोनवरचे व्यवहार घेऊन बसलं की एका संध्याकाळचं काम आहे. अंदाजाने लिहू नका, किरकोळ खर्च हमखास निसटतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून महिन्याची मिळकत 100 धरू. समजा, सरासरी खर्च 78 निघाला. मग 22 उरतात का? नाही. विम्याचा हप्ता, फी, दुरुस्ती असे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च अजून धरलेलेच नाहीत. त्यांची बेरीज 84 असेल तर बाराने भागून महिन्याला 7 बाजूला काढावे लागतील. खरे उरतात 15. बहुतेक बेत फसतात ते इथेच: 22 गृहीत धरलेले असतात आणि विम्याचा हप्ता आला की सगळं कोलमडतं.

या 15 पैकी 12 बचतीला आणि 3 मदतीला द्या. प्रमाण तुमचं तुम्ही ठरवा, पण मदतीचा आकडा शून्य ठेवू नका. शून्य ठेवला तरी मागणारे येणारच, आणि तेव्हा हात बचतीत जाईल.

बचतीचं पहिलं उद्दिष्ट अडीअडचणीचा निधी. अगदी आवश्यक खर्च महिन्याला 60 असेल तर तीन महिन्यांचे 180 होतात. दरमहा 12 ने त्याला 15 महिने लागतील. एवढा लांबचा पल्ला पाहून माणूस कंटाळतो, म्हणून पहिला टप्पा एका महिन्याच्या खर्चाचा, म्हणजे 60 चा ठेवा. तो पाच महिन्यांत गाठता येतो. मिळकत बेभरवशाची असेल तर पुढे सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत जा.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर मात्र क्रम बदला. महिन्याला 3 टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला 42 टक्क्यांवर जातं. पहिला टप्पा झाला की ही थकबाकी फेडा, मग उरलेला निधी.

प्रत्येक उद्दिष्टाला रक्कम आणि तारीख हवी. 90 जमवायचे असतील आणि महिन्याला 6 च निघत असतील, तर मुदत 15 महिन्यांची. ती ओढूनताणून दहावर आणली की पोटाला चिमटा बसतो आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात जमवलेलंही मोडावं लागतं. तारीख पुढे ढकला, हप्ता चुकवू नका. पगार जमा होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. मिळकत अनियमित असेल तर ठरावीक रकमेऐवजी येणाऱ्या प्रत्येक पैशातून ठरावीक टक्के काढा.

आता मदतीचे 3. त्यातले 2 एखाद्या संस्थेला दर महिन्याला द्या. नियमित येणाऱ्या छोट्या रकमेवर संस्थेला पुढचं नियोजन करता येतं. आधी तिची नोंदणी आणि वार्षिक हिशेब बघा. हिशेब मागितल्यावर टाळाटाळ झाली तर दुसरी संस्था शोधा. उरलेला 1 ओळखीच्यांच्या अडचणींसाठी साठू द्या. आठ महिन्यांनी तिथे 8 असतील. कोणी 20 मागितले तर 8 द्या, परतीची अपेक्षा न ठेवता, आणि ‘माझ्याकडून इतकंच होईल’ हे त्याच वेळी स्पष्ट सांगा. उसने द्यायचे असतील तर बुडाले तरी चालतील एवढेच द्या आणि परतीची तारीख लिहून ठेवा. नाती तुटतात ती बहुधा उसने की मदत हे मोघम राहिल्यामुळे. जामीन राहणं ही साधी सही नव्हे. कर्जदाराने हात वर केले की अख्खं कर्ज तुमच्यावर येऊ शकतं. ओळखीच्या नावाने तातडीचा निरोप आला तर आधी त्या माणसाच्या जुन्या नंबरवर फोन करा, मगच पैसे पाठवा.

पैसे अजिबात निघत नसतील तर तास ठरवा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असं न लिहिता ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दोन तास’ असं लिहा, आणि कशाची गरज आहे ते समोरच्यालाच विचारा. कपड्यांचे ढीग पडलेल्या ठिकाणी आणखी कपडे नेण्यापेक्षा कुणाला अर्ज भरायला बसून मदत केलेली जास्त उपयोगी पडते.

दर तीन महिन्यांनी कागद पुन्हा काढा. मिळकत वाढली असेल तर वाढीतला निम्मा भाग आधी 12 आणि 3 मध्ये घाला, मगच खर्च वाढवा. निधीतून पैसे काढावे लागले असतील तर ती चूक मानू नका, निधी त्यासाठीच होता. तो पूर्ववत होईपर्यंत बाकीच्या उद्दिष्टांचे हप्ते तिकडे वळवा. मदतीचे 3 मात्र तसेच चालू ठेवा.