छाटणीच्या काड्यांचं ख्रिसमस झाड

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. नाताळपर्यंत त्या चांगल्या वाळतात. मिरज, सांगली किंवा वर पाचगणीत ज्यांना घरी झाड सजवायचंय, त्यांनी प्लॅस्टिकच्या झाडाला पैसे घालण्याआधी या काड्या हातात घेऊन बघाव्यात. आता बरेच बागायतदार काड्यांची बागेतच कुट्टी करतात, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याला छाटणीच्या वेळीच सांगून ठेवायचं. साताऱ्याकडे काड्या नाही मिळाल्या तर कळकाच्या (बांबूच्या) कामट्या किंवा तुरकाठ्या घ्या. मापं तीच राहतात.

पेन्सिलीपेक्षा किंचित जाड, सरळ काड्या निवडा. बारीक भोक आणि त्यातून पडणारा भुसा दिसला की ती काडी घरात आणूच नका; आत कीड असते आणि ती लाकडी सामानाला लागू शकते. काड्यांवर निळसर डाग असतात, तो बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा थर. हातमोजे घालून, ओल्या फडक्याने घासून, दोन पाण्यांनी धुवा आणि आठवडाभर उन्हात ठेवा. कोरड्याच घासल्या तर ती भुकटी नाकात जाते. कुरळे तणावे मात्र तोडू नका. झाडाची निम्मी शोभा त्यांच्यात आहे, शिवाय हलक्या वस्तू त्यांनाच अडकवता येतात. वाकडी काडी वाळल्यावर सरळ करायला गेलात तर डोळ्यापाशी (कोंब फुटतो त्या पेऱ्याशी) कट्कन मोडते. ती रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पाच-सहा काड्यांची जुडी घट्ट बांधा आणि पाट्याखाली दाबून वाळवा.

भिंतीवरच्या झाडाला नऊ काड्या लागतात. सगळ्यांत वरची 15 सेंटिमीटर, मग प्रत्येक काडी 10 सेंटिमीटरने मोठी: 25, 35 असं करत खालची 95. एवढी लांब काडी नसेल तर दोन काड्या 15 सेंटिमीटर एकमेकींवर चढवून सुतळीने आवळा. प्रत्येक काडीच्या दोन्ही टोकांपासून अडीच सेंटिमीटर आत पेन्सिलीने खूण करा. सुतळीचे अडीच-अडीच मीटरचे दोन तुकडे घ्या. जास्त वाटली तरी एवढी लागतेच, कारण एकेक गाठ सात-आठ सेंटिमीटर सुतळी खाते.

काड्या जमिनीवर क्रमाने मांडून बांधायला सुरुवात वरून करा. सुतळीचं वरचं टोक 20 सेंटिमीटर मोकळं सोडा, खुणेवर दोन वेढे घेऊन दुसऱ्या वेढ्याखालून सुतळी ओढा. पुढची गाठ सुतळीवर मोजून 13 सेंटिमीटरवर. दोन काड्यांत उभं अंतर 12 हवं, पण सुतळी तिरकी उतरते म्हणून 13 धरायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं: सुतळीवर 12 मोजलं तर काड्या जास्त जवळ येतात आणि झाड बसकं दिसतं. शेवटी वरची दोन्ही टोकं एकत्र बांधून खिळ्याला अडकवा आणि लांबून बघा. एखादी काडी तिरकी असेल तर तिची गाठ सरकवा. सगळं समपातळीत आलं की मगच प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब. आधी लावला तर नंतर गाठ हलत नाही. लावलाच नाही, तर वाळलेल्या गुळगुळीत काडीवरून ती हळूहळू घसरते.

दिव्यांची माळ खालच्या काडीपासून नागमोडी वर न्यायची. त्याला साधारण साडेपाच मीटर माळ लागते. पाच मीटरची घेतलीत तर वरच्या दोन काड्या अंधारात राहतात, म्हणून दहा मीटरचीच घ्या आणि उरलेली उलट वळवून खाली आणा.

उभंच झाड हवं असेल तर पाच फुटी तीन कळक वरून चार बोटं सोडून एकत्र बांधा आणि पाय दोन-दोन फुटांवर फाका. तिन्ही पायांभोवती खालून सुतळी आवळायलाच हवी, नाहीतर फरशीवर पाय घसरून सगळं झाड बसतं. मग दर 20 सेंटिमीटरला सुतळीचा एक फेर, असे सात. आच्छादनाला उसाचं पाचट घ्या. ऊसतोड चालू असते, त्यामुळे एक पोतं सहज मिळतं. पाचट पंधरा मिनिटं भिजवा, कोरडं असेल तर दुमडताना त्याचा चुरा होतो. एकेका पानाचे हातभर तुकडे करून मध्ये दुमडा आणि फेरावर अडकवा. सुरुवात खालच्या फेरापासून; छप्पर शाकारताना करतात तशी वरची झालर खालच्या गाठींवर आली पाहिजे. हिरवं झाड हवं म्हणून काही जण वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे लावतात. ते पहिल्या दिवशी फार देखणे दिसतात, पण दोन-तीन दिवसांत पिवळे पडतात, आणि पानांच्या कडा हात कापतात. लावायचेच तर 24 तारखेला संध्याकाळी लावा. त्यांना स्टेपलच्या पिना मारू नका, म्हणजे नंतर जनावरांना घालता येतील.

पाचटाच्या झाडाजवळ मेणबत्ती नको, पणती नको, जुन्या तापणाऱ्या बल्बांची माळही नको. वाळलेलं पाचट क्षणात पेटतं. एलईडीच वापरा आणि झोपताना बटण बंद करा.

सजावटीला हळकुंडं, वाळलेल्या लाल मिरच्या, संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या शोभतात. चकत्या अर्धा सेंटिमीटर जाड हव्यात. जाड कापल्या तर डिसेंबरच्या उन्हात पूर्ण वाळत नाहीत, त्यांना बुरशी येते आणि मुंग्याही लागतात.

जिवंत झाडच हवं असेल तर नर्सरीतून कुंडीतला अरोकेरिया आणा. त्याचा शेंडा मोडला तर झाड पुन्हा तसं सरळ, डौलदार वाढत नाही, म्हणून जड चांदणी शेंड्याला बांधू नका. घरात आठ-दहा दिवसच ठेवा. सांगलीच्या एप्रिल-मे मधल्या उन्हात त्याची पानं करपतात, तेव्हा कुंडी सावलीत हलवा.

सण झाला की काड्यांचं झाड खिळ्यावरून काढून काडीवर काडी ठेवत गोळा करा, जुन्या साडीत कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत गुंडाळून माळ्यावर टाका. पावसाळ्यानंतर एकदा उघडून ऊन द्या. साडीत भुसा सापडला तर ती एक काडी बदला, बाकीचं झाड तसंच वापरता येतं.