अमेरिकेच्या व्हिसाची तयारी: आधी फॉर्म वाचा

मागच्या वर्षी पोराच्या पदवीदानाला जायचं म्हणून आम्ही नवराबायको मुंबईला मुलाखतीला गेलो आणि दोन मिनिटांत नकार अन् पासपोर्ट परत घेऊन बाहेर आलो. आता गावातले दोघंतिघं विचारून गेले, "भाऊ, काय काय लागते?" दरवेळी ओट्यावर बसून सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

पासपोर्ट, अपॉइंटमेंटचा कागद, फीची पावती. हे कोणी विसरत नाही. फी १८५ डॉलर, माणशी, आणि नकार आला तरी परत मिळत नाही. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरा पडदा, चष्मा काढून. आपल्याकडचा फोटोवाला सवयीनं पासपोर्ट साइज काढतो, त्याला माप लिहून द्या.

आता फॉर्म. डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा अर्ज. तो ऑनलाइन आणि इंग्रजीत भरायचा, म्हणून आपण तालुक्याच्या नेट कॅफेत जातो. पोरगा विचारतो, आपण सांगतो, तो खटाखट भरतो. मी मध्येच चहाला उठलो. तेवढ्यात त्यानं माझे पांढरे केस पाहून धंद्याच्या जागी 'रिटायर्ड' टाकलं आणि मुक्काम टाकला सहा महिने. मी काही वाचलंच नाही. मुलाखतीत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, काय करता? म्हटलं, शेती. बारा एकर, कापूस अन् तूर. किती दिवस राहणार? म्हटलं, दीड महिना, मृगाच्या आत परत, पेरणी आहे ना. दोन्ही उत्तरं खरी होती, पण त्यांच्या पडद्यावर दुसरंच होतं. पडद्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि छापील कागद सरकवला: कलम २१४(ब). म्हणजे तुम्ही परत याल अशी आमची खात्री पटली नाही. कशामुळे, ते सांगत नाहीत. मला सांगायची गरजही नव्हती.

म्हणून फॉर्म वाचा. सबमिट करण्याआधी सगळी उत्तरं एकत्र दिसतात, ती छापून घरी आणा आणि मास्तर म्हणा, पुतणी म्हणा, ज्याला इंग्रजी येतं त्याच्याकडून ओळ न् ओळ मराठीत वाचून घ्या. धंदा काय लिहिला, किती दिवस, खर्च कोण करणार, अमेरिकेत नात्यातलं कोण आहे. आईबापाची जन्मतारीखसुद्धा. पोरगं म्हणेल, "काका, मी रोज भरतो असे फॉर्म." भरू द्या. खाली सही तुमच्या नावानं होते, त्याच्या नाही. सबमिट झाल्यावर खाडाखोड चालत नाही. चूक सापडली तर नवा फॉर्म, नवा नंबर, आणि तोच नंबर अपॉइंटमेंटमध्येही बदलून घ्यावा लागतो. वीस मिनिटं हात लावला नाही तर पान बंद पडतं, म्हणून अर्जाचा नंबर आधी वहीत टिपा. आणि आधी नकार आला असेल तर 'पूर्वी व्हिसा नाकारला होता का' याला 'हो'च लिहा. त्यांच्याकडे नोंद असते. लपवलं तर नकार परवडला म्हणाल.

दुसरी गोष्ट बोटांची. मुलाखतीच्या आधी वेगळ्या केंद्रावर ठसे आणि फोटो घेतात. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, तीच गत. माझ्या बायकोची बोटं चार चारदा पुसून ठेवायला लावली. आठ दिवस आधीपासून रात्री व्हॅसलीन लावा, वेचणीला दुसरं कोणी पाठवा.

कागद न्या, पण ते पाहतीलच असं नाही. आमची फाईल उघडलीच नाही. तरी सातबारा आणि आठ-अ (डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो), बँकेचं पासबुक, जिनिंगच्या कापूसविक्रीच्या पावत्या, कारण शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून आपल्याकडे रिटर्न नसतात. पोराचं पत्र, त्याच्या कॉलेजचे कागद. सातबाऱ्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकदा शेजारी ठेवून पाहा. पण कागद कितीही असू देत, आधी फॉर्म.

मुलाखतीत मराठीत बोलता येतं, तशी भाषा निवडता येते. इंग्रजीची हौस तिथे करू नका. विचारलं तेवढंच सांगा, आणि फॉर्ममध्ये आहे तेच सांगा. म्हणून तर म्हणतो, वाचा.

प्रवास: एक दिवस आधी पोचा, रात्रीच्या गाडीतून उतरून थेट रांगेत नको. मोबाइल आत चालत नाही, बाहेर कोणाजवळ तरी द्या. मोठी पिशवी, डबा, खर्रा काही नाही. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे बहुतेक काम झालं. त्याच रात्रीचं परतीचं तिकीट काढू नका.

आम्ही आता पुन्हा अर्ज करतोय, फॉर्म झाला की तारीख घेणार. आत्ता पुतणी वाचतेय, बायको शेजारी बसलीय. तिच्या माहेरच्या आडनावात एक अक्षर चुकलंय म्हणे. सबमिट व्हायचंय अजून, नशीब.