इंजेक्टर आणि ग्लो प्लग बदलताना या चुका टाळा, नाहीतर हेड उतरवावं लागेल

डिझेल इंजिनचे ग्लो प्लग (थंड इंजिन चालू व्हावं म्हणून सिलेंडर तापवणारे) बदलायला घेतले आणि शेवटी हेडच, म्हणजे सिलेंडरवरचं झाकणच, खाली उतरवलं, अशा गाड्या बघून बघून कंटाळा आलाय. पार्ट चांगला असतो, गाडीही चांगली असते, घाई नडते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली चूक म्हणजे थंड इंजिनवर ग्लो प्लग खोलणं. प्लगचे आटे वर असतात आणि खालचा बारीक दांडा पार सिलेंडरपर्यंत गेलेला असतो, त्या दांड्याभोवती वर्षानुवर्षं कार्बन बसतो आणि तो भोकात जाम होतो. वरून तुम्ही पाना फिरवता, खालचं टोक जागचं हलत नाही, मग प्लग मधेच पिळून तुटतो. एम८ (८ मिमी आट्यांचा) प्लग सोडवताना २० न्यूटन मीटरच्या वर जाऊ नका आणि एम१० ला ३५ च्या, असं प्लग बनवणाऱ्यांच्याच तक्त्यात असतं. २० न्यूटन मीटर म्हणजे फूटभर पान्यावर जेमतेम सात किलोचा जोर, आणि लोक तिथे पाईप घालून लोंबकळतात.

अशीच एक गाडी माझ्याकडे टो होऊन आली. मालकाने स्वतःच काम काढलेलं, तीन प्लग निघाले, चौथा हलेना, मग पान्याला पाईप लावला आणि कट्ट. इथे थांबला असता तरी निभावलं असतं, पण भाऊने हँड ड्रिल घेतलं. प्लग पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचं, ड्रिल घसरून मऊ बाजूला जाणारच. आटे गेले, भोक तिरकं झालं, चुरा सगळा आत. वर कोणीतरी सल्ला दिला की स्टार्टर मार, कचरा उडून जाईल, तर तेही करून झालेलं! हेड काढलं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे खड्डे आणि सिलेंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, नख फिरवलं तर अडकत होतं. मालक बाजूला उभा राहून एकच म्हणत होता, फक्त ग्लो प्लगच बदलायचे होते हो.

माझी सवय सांगतो. आदल्या रात्री प्लगच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडायचं, सकाळी इंजिन पूर्ण गरम करायचं, मग टॉर्क रेंच (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) लावायचा. थोडा सुटला की थोडा परत आवळायचा, परत सोडायचा, असं मागेपुढे करत काढायचा. नाहीच आला तर त्या दिवशी सोडून द्यायचा, परत ऑइल, परत गरम. यात दोन दिवस जातात म्हणून लोक वैतागतात, वैतागू देत. तुटलाच तर ज्याच्याकडे ड्रिल सरळ धरणारं गाईड आणि त्या कामाचं टूल आहे त्याच्याकडेच न्या. नवा बसवायच्या आधी भोकातला कार्बन रीमरला (भोक खरवडून साफ करायचं हत्यार) ग्रीस लावून काढा, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. सिरॅमिक प्लग हातातून पडला तर दिसायला कितीही चांगला असो, फेकून द्या, टोकाचा तुकडा उडाला तर थेट पिस्टनवर पडतो. आणि प्लग चेक करायला सरळ बॅटरी लावू नका, हल्लीचे बरेच प्लग ५-७ व्होल्टचे असतात, १२ व्होल्टवर जळतात. मीटरवर ओहम बघा, काम झालं.

आता इंजेक्टर, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, त्याच्या खालचा तांब्याचा वॉशर. जुना वॉशर बऱ्याचदा इंजेक्टरबरोबर वर येत नाही, खाली सीटवर (इंजेक्टर टेकतो त्या जागी) काळा होऊन बसलेला असतो आणि सीटसारखाच दिसतो. त्यावर नवा टाकला की इंजेक्टर वर राहतो, फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी पडतो, कॉम्प्रेशन गळतं आणि थोड्या दिवसांत इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर चढतो, मग तो इंजेक्टर काढणं म्हणजे वेगळाच वनवास. जितके इंजेक्टर काढले तितके जुने वॉशर टेबलावर मोजून ठेवा. एक कमी असेल तर टॉर्च घेऊन आत बघा. जुना वॉशर तापवून परत वापरणारे भेटतात, त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय. सीट साफ करताना खालचं भोक बंद करा, इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट नवा घ्या, आणि बोल्टच्या भोकात तेल साचलं असेल तर आधी काढा, नाहीतर आवळताना हेडला तडा जातो.

डिझेलचे पाईप सोडले की लगेच टोप्या लावा. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी नळी) १६००-२००० बारपर्यंत प्रेशर जातं, त्यात धुळीचा एक कण पण नोझलची वाट लावतो. इंजिन चालू असताना तर त्या पाईपांना हातच लावू नका, तेवढ्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं.

इंजेक्टर काढताना सिलेंडरमध्ये डिझेल उतरतं, कधी इंजेक्टरभोवतीची स्लीव्ह (नळी) पण सोबत निघते आणि कूलंट आत जातं. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दबत नाही. ग्लो प्लग बाहेर असतानाच क्रँक (इंजिनचा मुख्य शाफ्ट) हाताने दोन फेरे फिरवून घ्या, म्हणजे आत काही साचलं असेल तर बाहेर येईल.

चालू करण्याआधी डिझेल प्राइम करा, म्हणजे पाईपांत आणि पंपात डिझेल भरून घ्या, हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, कोरडा फिरला की लोखंडाचा चुरा सगळ्या रेलमध्ये. इंजेक्टरवरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनचा कॉम्प्युटर) टाकायचा असेल तर तोही टाका, आवाज येतोय म्हणून नंतर फोन करू नका.

पहिले काही दिवस ऑइलची डिपस्टिक बघत राहा. पातळी वाढली किंवा डिझेलचा वास आला तर गाडी तिथेच उभी करा, गळणारा इंजेक्टर शोधून काढा आणि मग ऑइल बदला.